संगणकाच्या गाभ्यातील कामाची वाटणी

शालान्त परीक्षेचा निकाल जाहीर होण्याच्या दिवशी घरोघरी विद्यार्थी व पालक मोबाइल फोन हाती घेऊन बसलेले असतात. ठरलेली वेळ होताच हजारो ठिकाणांहून एकाच संगणकाकडे एकदम मागणी जाते आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते. जमिनीचा उतारा काढण्यासाठी तालुक्याच्या गावी आलेल्या शेतकऱ्यालाही पुष्कळदा हाच अनुभव येतो. ‘सर्व्हर चालत नाही, उद्या या’ एवढे ऐकून त्याला परतावे लागते. त्याचा दिवसाचा रोजगार बुडतो आणि बसभाडे दुसऱ्यांदा खर्ची पडते. खिडकीमागील कर्मचाऱ्याचा यात काही दोष नसतो; परंतु लोकांच्या रागाचा धनी मात्र तोच होतो.

अशा प्रसंगी संगणक अपुरा पडतो, सबब अधिक मोठा संगणक खरेदी करावा, असा प्रस्ताव साहजिकच पुढे येतो. काही वेळा तो योग्यही असतो. परंतु संगणकात आठ किंवा सोळा प्रोसेसर असूनही त्यांपैकी एकच कामाखाली दबून गेला आहे आणि उरलेले जवळजवळ रिकामे आहेत, अशीही स्थिती असू शकते. तसे असेल तर आणखी आठ प्रोसेसर आणल्याने फक्त रिकामे बसणाऱ्यांची संख्या वाढेल. रांग आहे तेवढीच राहील. सार्वजनिक पैसा खर्च करण्यापूर्वी संगणकाच्या अंतर्भागात कामाची वाटणी कशी होते, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गाभा आणि त्याची कामे

संगणकावर चालणारे प्रोग्राम आणि संगणकाची यंत्रसामग्री यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम उभी असते. तिच्या सर्वांत आतल्या भागास कर्नेल, म्हणजे गाभा, असे म्हणतात. कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यावयाचा, स्मृतीतील जागा कोणाला किती द्यावयाची, डिस्कवरील माहिती कशी आणावयाची, तारेतून आलेला मजकूर कोणाकडे पोचवावयाचा, ही सर्व कामे कर्नेल पाहतो. मामलेदार कचेरीत अर्जदाराचे काम वेगळे आणि कचेरीचे स्वतःचे काम वेगळे असते. टपाल उघडणे, बारनिशीत नोंद करणे, दफ्तर लावणे, कागद योग्य टेबलाकडे धाडणे ही कामे कोणा एका अर्जदाराची नसतात. तथापि ती वेळेवर झाली नाहीत तर सर्वच अर्जदारांचे अडते. कर्नेलची कामे या जातीची आहेत.

सध्या सर्वाधिक प्रसार पावलेल्या कर्नेलांपैकी एक म्हणजे लिनक्स होय. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली त्याचा प्रारंभ केला. अँड्रॉइड पद्धतीच्या मोबाइल फोनमध्ये हाच कर्नेल असतो. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे. पुढील विवेचन याच कर्नेलच्या आधारे केले आहे.

एकाचे अनेक कसे झाले

पूर्वी सर्वसाधारण संगणकात एकच प्रोसेसर असे. तो दर काही वर्षांनी अधिक वेगवान होत गेला, त्यामुळे कामाच्या वाटणीचा प्रश्न सामान्य कार्यालयापुढे आला नाही. परंतु वेग वाढवावा तसतशी उष्णता वाढू लागली आणि तिला आवर घालणे कठीण झाले. २००५ च्या सुमारास निर्मात्यांनी एकाच चिपवर दोन, पुढे चार व आठ प्रोसेसर बसविण्याचा मार्ग धरला. अशा प्रत्येकास ‘कोअर’ म्हणतात. या लेखात सोयीसाठी त्यांना प्रोसेसर असेच म्हटले आहे.

अनेक प्रोसेसरांकडून एकत्र काम करून घेण्याची विद्या आपल्या देशास नवी नाही. १९८८ साली पुणे येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अनेक लहान प्रोसेसर परस्परांना जोडून मोठी गणिते सोडवावयाची, हे त्याचे तत्त्व होते. त्या रचनेत प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र होती व ते एकमेकांस निरोप पाठवून काम करीत. आजच्या कार्यालयीन संगणकात मात्र सर्व प्रोसेसर एकच स्मृती वापरतात आणि त्या सर्वांवर मिळून एकच कर्नेल कारभार करतो. एकत्र कुटुंबात जिन्नस सामाईक असला की वाटणीचे नियम अधिक काटेकोर ठेवावे लागतात. तसेच येथेही आहे.

एकच कुलूप

दोन कारकुनांनी एकाच वेळी एकाच नोंदवहीच्या एकाच पानावर लिहू लागल्यास नोंदींचा घोटाळा होईल. दोन प्रोसेसरांनी कर्नेलच्या एकाच कोष्टकात एकाच क्षणी फेरफार केल्यास तसाच घोटाळा होतो. तो टाळण्यासाठी कुलपाची योजना असते. ज्याच्याकडे कुलूप आहे त्याने काम करावे, इतरांनी ते सुटेपर्यंत थांबावे, असा हा नियम आहे.

लिनक्सची २.० ही आवृत्ती १९९६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा तीत अनेक प्रोसेसर वापरण्याची सोय प्रथम आली. त्या वेळी संपूर्ण कर्नेलला मिळून एकच मोठे कुलूप ठेवले होते. लोकांचे प्रोग्राम निरनिराळ्या प्रोसेसरांवर एकाच वेळी चालू शकत. परंतु त्यांपैकी दोघांना कर्नेलचे काम पडले तर एकाला खोळंबून राहावे लागे. रचना साधी आणि सुरक्षित होती; दोन-चार प्रोसेसरांपुरती ती चालूनही गेली. प्रोसेसर वाढले तशी मात्र त्या कुलपापाशी गर्दी होऊ लागली.

शिक्षकांना हा प्रकार वर्गात सहज दाखविता येईल. फळ्यावर चाळीस सोपी गणिते लिहावी, चार विद्यार्थ्यांना उभे करावे आणि चौघांत मिळून एकच खडू द्यावा. प्रत्येकाने मनात गणित करावयाचे, पण उत्तर लिहिण्यासाठी खडूची वाट पाहावयाची. गणिते सोपी असतील तर चौघांना लागणारा वेळ एकट्याला लागणाऱ्या वेळेपेक्षा फारसा कमी भरणार नाही. नंतर फळ्याचे चार भाग करून चार खडू द्यावे आणि घड्याळ लावून फरक पाहावा. विद्यार्थी तितकेच, गणिते तितकीच. बदलली ती केवळ मांडणी.

कर्नेलमध्येही हेच करण्यात आले. एका मोठ्या कुलपाऐवजी प्रत्येक कोष्टकासाठी, पुढे कोष्टकाच्या लहान लहान भागांसाठी, स्वतंत्र कुलपे करण्यात आली. प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या कामांची पूर्वी सर्वांमध्ये एकच सामाईक रांग असे. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग मिळाली. एखाद्या प्रोसेसरची रांग संपली तर त्याने शेजाऱ्याच्या लांब रांगेतील काम आपल्याकडे ओढून घ्यावे, अशी व्यवस्था ठेवण्यात आली. मोठे कुलूप हळूहळू एकेका विभागातून निघत गेले आणि मे २०११ मधील २.६.३९ या आवृत्तीत ते पूर्णपणे नाहीसे झाले. घालणे एका आवृत्तीत झाले. काढण्यास १५ वर्षे लागली.

वाटता न येणारा हिस्सा

इतका खटाटोप कशासाठी करावा लागला, हे जीन आम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेल्या विचारावरून स्पष्ट होते. कामाचा जो हिस्सा वाटता येत नाही, तोच अखेर एकूण वेगाची मर्यादा ठरवितो, असे त्यांचे प्रतिपादन होते. समजा, एखाद्या कामाचा दहावा हिस्सा एकालाच करावा लागतो आणि उरलेले नऊ हिस्से कितीही जणांत समान वाटता येतात. अशा कामाला ४ प्रोसेसर लावले तर वेग सुमारे ३.१ पट होतो. १६ लावले तर ६.४ पट आणि १०० लावले तर सुमारे ९.२ पट होतो. हजारो प्रोसेसर आणले तरी तो १० पटींपर्यंत कधीच पोचणार नाही.

याचा अर्थ असा की, प्रोसेसर विकत घेता येतात. परंतु वाटता न येणारा दहावा हिस्सा कमी करणे हे पैशाने होत नाही. ते मांडणी सुधारूनच करावे लागते.

हाक कोणी ऐकावी

कर्नेलच्या कामांपैकी फार मोठे काम बाहेरच्या हाकांना उत्तर देण्याचे असते. कळफलकावरील कळ दाबली, डिस्कने माहिती आणली अथवा नेटवर्क कार्डावर मजकूर आला की ते यंत्र प्रोसेसरला खुणावते. या खुणेला इंटरप्ट म्हणतात. इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातील काम बाजूस ठेवतो, आलेल्या यंत्राची दखल घेतो आणि मग पूर्वीच्या कामाकडे वळतो. कचेरीत घंटी वाजली की शिपायाने उठावे, तसेच हे आहे.

परंतु घंटी किती वेळा वाजते? सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारी जोडणी पूर्ण भरली असता, १,५०० बाइटांच्या पाकिटांच्या स्वरूपात सेकंदाला सुमारे ८ लाख पाकिटे येऊ शकतात. पाकिटे अगदी लहान असतील तर हीच संख्या सुमारे १ कोटी ४८ लाखांवर जाते. म्हणजे एका पाकिटाच्या वाट्यास सेकंदाच्या अब्जांश भागांपैकी जेमतेम ६७ भाग येतात. तेवढ्या अवधीत आजचा ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सुमारे २०० ठोकेच पुरे करू शकतो. एकट्याने हे सारे टपाल घेणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यावर दोन उपाय योजलेले आहेत. पहिला उपाय घंटीचा त्रास कमी करण्याचा आहे. पहिले पाकीट आल्याची खूण मिळताच कर्नेल त्या कार्डाची घंटी तात्पुरती बंद करतो आणि स्वतःच जाऊन साठलेली पाकिटे गठ्ठ्याने उचलतो. नेहमीच्या मांडणीत एका फेरीत अधिकात अधिक ३०० पाकिटे हाताळली जातात. त्याहून अधिक असल्यास ती प्रत्येक प्रोसेसरमागे नेमलेल्या एका मदतनीस कामाकडे सोपविली जातात, जेणेकरून इतर प्रोग्राम उपाशी राहू नयेत.

दुसरा उपाय वाटणीचा आहे. कोणत्या यंत्राची घंटी कोणत्या प्रोसेसरने ऐकावी, हे लिनक्समध्ये ठरवून देता येते. त्यासाठी प्रत्येक इंटरप्टमागे एक आकडा नोंदवावा लागतो. पहिल्या प्रोसेसरचे मूल्य १, दुसऱ्याचे २, तिसऱ्याचे ४, चौथ्याचे ८ असे ते दुपटीने वाढत जाते. पहिल्या व तिसऱ्या प्रोसेसरला अनुमती द्यावयाची असेल तर १ व ४ यांची बेरीज ५ लिहावी. चौघांनाही द्यावयाची असेल तर बेरीज १५ होते. ती सोळाच्या पायावरील अंकपद्धतीत ‘एफ’ या अक्षराने लिहितात. द्विमान पद्धतीचा एवढा उपयुक्त दाखला गणिताच्या शिक्षकांना क्वचितच मिळेल. अशी कोणतीही व्यवस्था केली नसेल, तर बहुसंख्य इंटरप्ट पहिल्याच प्रोसेसरकडे जाण्याचा प्रकार अनेक संगणकांत आढळतो. हा असमतोल दूर करण्यासाठी ‘आयआरक्यू बॅलन्स’ नावाचा एक साहाय्यक प्रोग्रामही असतो. तो नेहमीच्या मांडणीत दर १० सेकंदांनी भार तपासून घंट्यांची फेरवाटणी करतो.

वाटणीलाही किंमत पडते

मग प्रत्येक पाकीट पाळीपाळीने वेगळ्या प्रोसेसरला द्यावे, म्हणजे समान वाटणी होईल, असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तसे केल्यास काम मंदावते. त्याचे कारण प्रोसेसरजवळच्या लहान स्मृतीत आहे. तिला कॅशे असे म्हणतात. नुकतीच हाताळलेली माहिती प्रोसेसर तेथे ठेवतो. ती तेथे सापडली तर काही ठोक्यांतच हाती येते. मुख्य स्मृतीतून आणावयाची झाल्यास सेकंदाच्या सुमारे १०० अब्जांश भागांचा अवधी लागतो. लहान पाकिटाच्या वाट्यास आलेल्या ६७ भागांहून ही एकच खेप अधिक वेळ खाते. टेबलावर उघडी असलेली फाईल आणि माळ्यावरील दफ्तरात बांधलेली फाईल यांतील हा फरक आहे.

एका अर्जाचा पहिला कागद एका कारकुनाने, दुसरा दुसऱ्याने व तिसरा तिसऱ्याने पाहिला, तर तिघांनाही तीच फाईल पुन्हा पुन्हा मागवावी लागेल. शिवाय कागदांचा क्रमही बिघडेल. म्हणून आधुनिक नेटवर्क कार्डावर अनेक रांगा ठेवलेल्या असतात व प्रत्येक रांगेची घंटी वेगळ्या प्रोसेसरकडे असते. पाठविणारा आणि घेणारा यांच्या पत्त्यांवरून एक आकडा काढला जातो व त्यावरून पाकिटाची रांग ठरते. त्यामुळे एका संभाषणाची सर्व पाकिटे एकाच प्रोसेसरकडे क्रमाने जातात आणि निरनिराळी संभाषणे मात्र निरनिराळ्या प्रोसेसरांत वाटली जातात.

ज्या संगणकांतील कार्डावर एकच रांग आहे, त्यांच्यासाठी २०१० साली २.६.३५ या आवृत्तीत कर्नेलमध्येच तशी सोय करण्यात आली. तीत एक प्रोसेसर पाकिटे स्वीकारतो आणि पुढील काम इतरांकडे वाटून देतो. त्याच आवृत्तीत आणखी एक सुधारणा आली. पाकीट ज्या प्रोग्रामसाठी आले आहे, तो ज्या प्रोसेसरवर चालू आहे तेथेच ते पोचविण्याचा प्रयत्न केला जातो. ज्याच्याकडे मूळ फाईल आहे त्याच्याच टेबलावर नवा कागद ठेवावा, ही कचेरीतील जुनी रीत येथे पुन्हा भेटते.

मोठ्या संगणकांत अंतराचा विचार आणखी करावा लागतो. तेथे स्मृतीचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भाग काही प्रोसेसरांना जवळचा व काहींना दूरचा असतो. नेटवर्क कार्ड ज्या बाजूस जोडले आहे, त्याच बाजूच्या प्रोसेसरकडे त्याची घंटी सोपविल्यास जाण्यायेण्याचा वेळ वाचतो.

ज्याची त्याची वही

शक्य तेथे कुलपाची गरजच पडू नये, अशीही योजना कर्नेलमध्ये आहे. किती पाकिटे आली याची एकच सामाईक नोंद ठेवली, तर प्रत्येक प्रोसेसरला ती वाढविण्यासाठी थांबावे लागेल. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या वहीत आपली संख्या मांडावी आणि एकूण संख्या विचारली जाईल तेव्हाच सर्व वह्यांची बेरीज करावी, असे ठरविलेले असते. प्रत्येक तलाठ्याने आपल्या सजाचा हिशेब स्वतः ठेवावा व तालुक्याची एकंदर मागणीच्या वेळी काढावी, अशासारखेच हे आहे.

काही कोष्टके अशी असतात की ती वाचली जातात पुष्कळ, बदलली जातात क्वचित. त्यांच्यासाठी ‘आरसीयू’ नावाची पद्धती ऑक्टोबर २००२ मध्ये कर्नेलच्या २.५.४३ या आवृत्तीत दाखल झाली. पॉल मॅकेनी यांनी विकसित केलेल्या या पद्धतीचे लिनक्समधील काम दीपंकर शर्मा या भारतीय तंत्रज्ञाने केले. या पद्धतीत सूचनाफलकावरील यादी खोडून दुरुस्त करीत नाहीत. दुरुस्त यादीची नवी प्रत तयार करून ती जुनीच्या जागी लावतात. जे जुनी यादी वाचीत होते त्यांचे वाचन पुरे होऊ देतात व त्यानंतरच जुनी प्रत काढून टाकतात. वाचणाऱ्यास कधीही थांबावे लागत नाही. जुन्या प्रती काढून टाकण्याचे काम तेवढे मागे राहते, आणि हे साफसफाईचे काम कोणी करावे, हाही वाटणीचाच प्रश्न आहे.

अशी किरकोळ कामे करणाऱ्या मदतनिसांची संख्याही एके काळी भरमसाट झाली होती. कर्नेलचा जो तो विभाग प्रत्येक प्रोसेसरमागे आपला स्वतंत्र मदतनीस ठेवी. त्यांपैकी बरेच दिवसभर निष्क्रिय राहत. २०१० सालच्या २.६.३६ या आवृत्तीत ही पद्धत बदलून सर्व विभागांसाठी मदतनिसांचे सामाईक गट करण्यात आले. काम येईल तसा गटातील मोकळा मदतनीस ते उचलतो. मनुष्यबळ न वाढविता काम सुरळीत होऊ शकते, याचे हे एक उदाहरण होय.

काहींना निवांतपणा हवा

सर्वांना सारखे काम हेच नेहमी न्याय्य असते असे नाही. कारखान्यातील यंत्राच्या हालचालीवर नियंत्रण ठेवणारा प्रोग्राम सरासरीने वेगवान असून भागत नाही. तो प्रत्येक वेळी ठरल्या क्षणी उत्तर देणारा असावा लागतो. अशा कामासाठी काही प्रोसेसर राखून ठेवता येतात. त्यांच्याकडे इतर प्रोग्राम पाठवावयाचे नाहीत, घंट्याही पाठवावयाच्या नाहीत, असा बंदोबस्त करता येतो.

तरीही एक व्यत्यय उरत असे. कर्नेल प्रत्येक कार्यमग्न प्रोसेसरला मांडणीनुसार सेकंदाला १००, २५० किंवा १,००० वेळा हटकून कामाचा आढावा घेतो. २०१३ साली आलेल्या ३.१० या आवृत्तीत, राखीव प्रोसेसरवर एकच काम चालू असेल तर हा आढावा जवळजवळ बंद ठेवण्याची सोय झाली. त्याच वर्षीच्या ३.८ या आवृत्तीपासून, वर उल्लेखिलेले जुन्या प्रती काढण्याचे कामही अन्य प्रोसेसरांवर सोपविता येऊ लागले. मात्र घरकाम पाहण्यासाठी किमान एक प्रोसेसर मोकळा ठेवावाच लागतो. ठरल्या क्षणी उत्तर देण्याची हमी देणारी अधिक व्यापक व्यवस्था जवळजवळ २० वर्षे मूळ कर्नेलच्या बाहेरच वाढत होती. २०२४ सालच्या ६.१२ या आवृत्तीत ती मूळ कर्नेलमध्ये समाविष्ट झाली.

मोबाइल फोनमध्ये वाटणीचा विचार आणखी एका दृष्टीने होतो. अनेक फोनमधील आठ प्रोसेसरांपैकी काही बलवान परंतु अधिक वीज खाणारे व काही सौम्य परंतु काटकसरी असतात. २०१९ सालच्या ५.० या आवृत्तीपासून कर्नेल काम देताना विजेच्या खर्चाचाही हिशेब करू शकतो. हलके काम काटकसरी प्रोसेसरकडे गेले की बॅटरी अधिक काळ टिकते. बैल आणि बकरी एकाच नांगराला जुंपीत नाहीत, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

कार्यालयांनी काय पाहावे

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाची प्राथमिक तपासणी अवघड नाही. ‘टॉप’ नावाचा प्रोग्राम सुरू करून १ हा अंक दाबला असता प्रत्येक प्रोसेसरची स्वतंत्र ओळ पडद्यावर येते. तीतील एक आकडा रिकाम्या वेळेचा, एक कर्नेलच्या कामाचा आणि दोन आकडे इंटरप्ट व त्यामागील कामाचे असतात. गर्दीच्या वेळी घेतलेल्या या नोंदीवरून पुढील तीन निष्कर्ष निघू शकतात.

(१) एकच प्रोसेसर इंटरप्टच्या कामात पूर्ण बुडालेला आणि बाकीचे रिकामे असतील, तर दोष वाटणीचा आहे. नवी खरेदी न करता मांडणी सुधारून पाहावी.

(२) सर्वच प्रोसेसर पूर्ण भरलेले असतील, तर संगणक खरोखरीच अपुरा असण्याचा संभव आहे. खरेदीच्या प्रस्तावास अशा नोंदीचा आधार जोडता येईल.

(३) सर्व प्रोसेसर रिकामे असूनही उत्तर उशिरा येत असेल, तर अडथळा अन्यत्र, म्हणजे डिस्क, माहितीसंच अथवा जोडणी यांपैकी कोठेतरी आहे. तेथे प्रोसेसर वाढवून काहीही साधणार नाही.

कोणती घंटी कोणत्या प्रोसेसरने किती वेळा ऐकली, याचेही कोष्टक कर्नेल स्वतः ठेवतो. ते एक मिनिटाच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी केली की वाटणीचे खरे चित्र डोळ्यांपुढे येते. शाळेच्या संगणक कक्षात विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करवून घेता येईल; केवळ वाचण्याने संगणकास कोणताही धोका नसतो.

मांडणीत फेरफार करावयाचा तो मात्र जबाबदार तंत्रज्ञानेच करावा. एका वेळी एकच बदल करावा आणि बदलापूर्वीची व नंतरची मोजणी सारख्याच गर्दीच्या वेळी घ्यावी. हाताने केलेली वाटणी आणि ‘आयआरक्यू बॅलन्स’ यांची एकमेकांत गल्लत होऊ देऊ नये. तसे झाल्यास एकाने ठरविलेले दुसरा मोडून टाकतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की हाताने केलेली वाटणी पुसली जाते, हेही ध्यानात ठेवावे व ती कायम करण्याची तजवीज करावी. केलेल्या प्रत्येक बदलाची लेखी नोंद कार्यालयात असावी, म्हणजे बदली होऊन आलेल्या नव्या माणसाची अडचण होणार नाही.

लिनक्सच्या मोठ्या कुलपाचा १५ वर्षांचा इतिहास हेच सांगतो की, चांगली वाटणी एका दिवसात होत नाही. ती मोजून, तपासून आणि पुन्हा दुरुस्त करून घडवावी लागते. उताऱ्यासाठी खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला आत किती प्रोसेसर आहेत, याच्याशी कर्तव्य नसते. त्याचा कागद त्याच दिवशी हाती पडावा आणि संध्याकाळच्या बसने त्याला घरी परतता यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.